कोळशाआड जबाबदारी दडवू नका

तामिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमची रसायने बनविणारा कारखाना १९९५ साली बंद झाला. यंत्रे थांबली, आवारात साचलेला दीड लाख टनांहून अधिक विषारी गाळ मात्र मागे राहिला. पुढच्या पावसाळ्यांत त्यातील क्रोमियम भूजलात झिरपत गेले. कारखान्याच्या ताळेबंदात ज्याची नोंद नव्हती, तो तोटा शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जमा झाला.

अशा जमिनींवर आता ‘बायोचार’चा उतारा सुचविला जातो. भुसा, काटक्या, करवंट्या असा सेंद्रिय कचरा अत्यल्प हवेत तापवून केलेला हा कोळसा. उपाय थोतांड नव्हे. त्याच्या सच्छिद्र अंगाला शिसे व कॅडमियम चिकटून बसतात आणि पिकात कमी उतरतात. पाण्यात सहज विरघळणाऱ्या, कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियमचे तो कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करू शकतो. विज्ञानाचा तिरस्कार करून कष्टकऱ्यांचे भले होत नाही.

परंतु अर्धे सत्य सांगूनही ते होत नाही. कोळसा धातू नष्ट करीत नाही, केवळ बांधून ठेवतो. क्रोमियमचे परिवर्तन आम्लधर्मी मातीत चांगले होते. अशा कारखान्यांचा गाळ आणि साधा कोळसा हे दोन्ही बहुधा अल्कधर्मी असतात. आर्सेनिकयुक्त जमिनीत तर कोळशाने विष उलट मोकळे होण्याचा धोका असतो. मूळ ढीग जागच्या जागी ठेवून शेतात कोळसा पसरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आणि हा खर्च कोणी सोसावा? याच पालार खोऱ्यातील चर्मोद्योगांच्या प्रदूषणाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निःसंदिग्ध निर्वाळा दिला : प्रदूषकाने पीडितांना भरपाई तर द्यावीच, पण निसर्ग पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच उचलावा. असे असता शेतकऱ्याने आपल्याच बांधावरचा पालापाचोळा गोळा करून, आपल्याच मजुरीने परक्याचे विष बांधावे, हा कुठला न्याय?

बायोचार अवश्य वापरावा. मात्र आधी गाळ हटवावा, माती-पाण्याची तपासणी वर्षानुवर्षे करून ती गावासमोर जाहीर करावी. प्रदूषक बुडाला असेल तर सरकारने प्रथम खर्च करावा आणि त्याच्या मालमत्तेतून तो वसूल करावा. कोळसा विष बांधील. गुन्हेगाराला बांधण्याचे काम कायद्याचे आहे, आणि कायदा हलत नसेल तर तो हलविण्याचे काम लोकांचे.