धडधड विकत घेताना

कार अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात शिरा. काचेच्या कपाटात एक चकचकीत खोकं असतंच आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं: १२०० वॉट! अरे बाप रे! आपल्या घरातली इस्त्री हजार वॉटची, मिक्सर पाचशेचा, आणि हा एवढासा डबा बाराशेचा? मग दुकानदाराला सांगून तेच खोकं उलटं करून घ्या. मागे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘३०० वॉट आरएमएस’ असं काहीतरी सापडेल. बॉस, तोच खरा आकडा. पुढचा बाराशेचा आकडा म्हणजे क्षणभरासाठी, जीव काढून मारलेली उडी. आरएमएस म्हणजे रोज, तासन् तास, न दमता चालण्याची ताकद. पगाराच्या भाषेत सांगायचं तर एक सीटीसी आणि दुसरी हातात पडणारी रक्कम. आपण ईएमआय कुठल्या आकड्यावर भरतो, हे काय मी सांगायला हवं?

अँप्लिफायर खरा किती वॉटचा आहे हे ओळखायची एक झक्कास युक्ती आहे. त्याच्या अंगावरचा फ्यूज बघा. समजा २० अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ व्होल्ट असतात. दोन्हींचा गुणाकार केला की २७६ वॉट. म्हणजे जास्तीत जास्त एवढीच वीज तो सलग आत घेऊ शकतो, आणि त्यातलीही बरीचशी उष्णता होऊन उडून जाते. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अँपमध्ये साठ टक्के आवाजाच्या वाट्याला आली तरी खूप झाली, क्लास डीमध्ये ऐंशीच्या घरात. आत पावणेतीनशे आणि बाहेर हजार? एवढं व्याज तर पतपेढीसुद्धा देत नाही.

हे सगळं पुराण सुरू झालं ते आगाशीतल्या एका मित्रामुळे. हा मालाडला एका कंपनीत सेकंड शिफ्टला आहे. सुटतो तेव्हा शेवटची विरार लोकल गेलेली असते, म्हणून त्याने घरची सीएनजी वॅगन-आर वापरायला घेतली. हायवे पकडायचा, वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची, विरार फाट्याला वळायचं, बोळींज मागे टाकायचं आणि आगाशी गाठायची. पन्नासेक किलोमीटर, रात्री दोन-अडीचला, एकट्याने. ‘गाणी नसतील तर मी स्टिअरिंगवर झोपेन,’ असं तो म्हणतो, आणि ते तो गमतीत म्हणत नाही. (डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोप काढावी, त्याला सबवूफर हा पर्याय नाही, हे त्याला मी आणि त्याच्या आईने वेगवेगळं सांगून झालंय.) यंदाच्या बोनसमधले तीस हजार त्याने बाजूला काढले आणि दुकानदाराने पहिल्याच भेटीत सल्ला दिला, ‘भाऊ, बारा इंची टाका ना. डिकी उडाली पाहिजे!’

आता डिकी उडवायची तर आधी डिकी हवी. याच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर. वसई-विरारमध्ये ज्या घरात छोटी गाडी आहे त्या घराला हे चित्र नवं नाही. सिलिंडरच्या पुढे जी चतकोर जागा उरते त्यात बाबांच्या पिशव्या, आईची अर्नाळ्याहून आणलेली मासळी, आणि मुंबईच्या नातेवाइकांकडे जाताना सुकेळ्यांची पुडकी. घरच्या गाडीची डिकी ही सगळ्या घराची असते, एकट्या मुलाची नाही. त्यामुळे प्रश्न आवाजाचा होण्याआधी जागेचा झाला.

बारा इंचाचा सबवूफर दहा इंचाच्या तुलनेत फक्त दोन इंचांनी मोठा वाटतो. पण कोनाचं क्षेत्रफळ धरलं तर तो ४४ टक्क्यांनी मोठा. म्हणजे जास्त हवा ढकलणार, आणि म्हणून मोठी पेटी मागणार. या सगळ्या धंद्यात पेटी हीच खरी हिरॉईन आहे आणि लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बंद पेटी लहान असते. दहा इंचासाठी पाऊण घनफुटाच्या आसपास पुरते, आणि आवाज घट्ट, आटोपशीर येतो. ढोलकीची थाप थाप म्हणून ऐकू येते, पसरत नाही. भोकाची पेटी, म्हणजे पोर्टेड, तेवढ्याच वॉटमध्ये जास्त जोरात वाजते, पण बारा इंचासाठी दोन घनफूट जागा खाऊ शकते. आकारमानात हे जवळजवळ दुसरा सिलिंडरच झाला की! शिवाय पोर्टेड पेटी ठरावीक सुराच्या खाली गेली की सबवूफरला धरून ठेवणारी हवा उरत नाही, कोन वाट्टेल तसा हेलपाटतो. त्यासाठी अँपमध्ये सबसॉनिक फिल्टर असायलाच हवा. मोजमाप कंपनीच्या कागदावर दिलेलं असतं, ते सुताराच्या हातात द्या. अठरा मिलिमीटरचा एमडीएफ, सांधे हवाबंद, बस्स. पोर्तुगीज काळात आगाशीत जहाजं बांधली जायची. त्या गावात एक हवाबंद खोकं बांधून मिळू नये?

पण सिलिंडर असलेल्या गाडीत पेटीचा विचार करताना काही गोष्टींत चालढकल नको. त्यात साधारण २०० बार दाबाचा गॅस असतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत केव्हाही हात पोचला पाहिजे, दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टसाठी तो बाहेर काढता आला पाहिजे, आणि गॅसच्या नळीजवळ कुणी ड्रिल घेऊन वाकलेला दिसला की त्याला तिथेच थांबवा. सिलिंडरच्या पट्ट्यांवर पेटी ठोकणारे महाभागही असतात. नमस्कार करा आणि निघा. २०२३ पासून टाटाने अल्ट्रोज आणि पंचमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी डिकीच्या तळाखाली दोन छोटे सिलिंडर बसवायला सुरुवात केली. तिथे डिकी बऱ्यापैकी मोकळी मिळते. ज्यांची गाडी अजून घ्यायची आहे, त्यांनी लक्षात ठेवा.

मित्राच्या गाडीला मात्र तिसरा मार्ग लागू पडला: सीटखाली बसणारा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर. अँप, स्पीकर, पेटी सगळं एकाच चपट्या डब्यात. सोनीच्या एक्सएस-एडब्ल्यू-८ मध्ये आठ इंची स्पीकर आणि ७५ वॉट आरएमएस, जेबीएलच्या बेसप्रो एसएल-२ मध्येही आठ इंची आणि १२५ वॉट. उंची साधारण सात सेंटिमीटर. घेण्याआधी टेपने सीटखालची जागा मोजायची, सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, दोन्ही वेळा. डिकी उडत नाही याने. पण जे हरवलेलं होतं ते परत येतं. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, आणि दारातले साडेसहा इंची स्पीकर तिथवर पोचेपर्यंत धापा टाकतात. त्या सुराची लाट आठ मीटरहून लांब, आणि अख्खी वॅगन-आर पावणेचार मीटरही नाही! म्हणून एवढ्या छोट्या बंद जागेत खालचे सूर आपोआप फुगतात. घरातल्या हॉलसाठी लागतो तेवढा दांडगा सबवूफर गाडीत लागतच नाही, हे कुठलाच सेल्समन सांगत नाही. का सांगेल?

ज्यांच्याकडे डिकी आहे आणि हौसही आहे, त्यांनी अँप निवडताना ओहमचा हिशोब समजून घ्यावा. घाबरू नका, दहावीच्या सायन्समधलाच आहे. सबवूफरवर ‘डीव्हीसी ४ ओहम’ लिहिलेलं असेल तर त्यात चार-चार ओहमच्या दोन कॉइल आहेत. समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापुढे एक जोडल्या तर ८. अँप जर म्हणत असेल की ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० वॉट, तर जोडणीवरून किती ताकद मिळणार ते ठरतं. अँप २ ओहमपर्यंतच झेपणारा असेल आणि कुणी त्यावर १ ओहमचा भार टाकला, तर तो तापून बंद पडतो किंवा कायमचा निवृत्त होतो. फक्त सबसाठी हवा असेल तर क्लास डीचा मोनोब्लॉक घ्या. दारातले स्पीकरही सुधारायचे असतील तर चार चॅनलचा घ्या: दोन चॅनल पुढच्या दारांना, उरलेले दोन ब्रिज करून सबला. माझं मत विचाराल तर पैसे कमी असताना हाच सौदा शहाणपणाचा. आणि वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो हा गैरसमज आताच काढून टाका. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

आता जिथे लोक कंजुषी करतात ती जागा. वायर! ३०० वॉट आरएमएसचा क्लास डी अँप पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा, त्यातून एसी, हेडलाइट, वायपर सगळ्यांचा वाटा जायचा. एवढा प्रवाह बॅटरीपासून डिकीपर्यंत न्यायला ८ गेजची तांब्याची वायर हवी, पाचशेच्या पुढे ४ गेजची. बाजारात स्वस्तातली वायर बहुतेकदा आत अ‍ॅल्युमिनिअम आणि वर तांब्याचा मुलामा अशी असते. टोक ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखं चमकलं की समजायचं. आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज अँप वाचवायला नसतो, गाडी वाचवायला असतो. वायर कुठे पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर बॅटरी सगळा प्रवाह तिथे ओतते आणि वायरच पेट घेते. पाठीमागे गॅसचा सिलिंडर आहे हे लक्षात ठेवून पुन्हा एकदा हे वाक्य वाचा. मित्राच्या कोटेशनमध्ये ‘वायरिंग किट’ एवढंच लिहिलं होतं, ना गेज, ना फ्यूज. तो कागद आम्ही परत दिला. शिवाय मूळ वायरिंग कापून जोडकाम केलं तर गाडीच्या वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. कप्लर लावून, काहीही न कापता बसवणारा कारागीर शोधा, थोडे जास्त पैसे घेतले तरी चालेल.

बसवून झाल्यावर गेनचा स्क्रू. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे! तो उजवीकडे पूर्ण फिरवणारा कारागीर आवाज वाढवत नाही, लाटेचे शेंडे कापतो, आणि कापलेल्या लाटा सबची कॉइल जाळतात. गाडीतला व्हॉल्यूम पाऊण ठेवा, सब काढून ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटरवर व्होल्ट बघत गेन वाढवा. ३०० वॉट, २ ओहमसाठी साडेचोवीस व्होल्ट आले की हात काढून घ्यायचा. लो-पास ८० हर्ट्झवर. एवढं खाली ठेवलं की आवाज डिकीतून येतोय हे कानाला कळतच नाही, बेस समोरून आल्यासारखा वाटतो.

रात्री अडीच वाजता आगाशीच्या गल्लीत हा बेस शिरला की काय होतं? घरं रस्त्याला लागून, खिडक्या उघड्या. गाण्याचे शब्द काचेने अडतात, धडधड पत्र्यातून आरपार जाते. गाडीत तुम्हाला गाणं ऐकू येतं, शेजारच्या आजींना नुसती छातीवर थाप. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५ ची. म्हणून मित्राला बेसची वेगळी नॉब स्टिअरिंगजवळ लावायला सांगितली. चाळपेठेला आलं की शून्य. दुकानदाराला हे काही झेपलं नाही. ‘मग घेताय कशाला?’ म्हणाला.

हायवेवरचं काय? तिथे कान फक्त तुमचे. ८५ डेसिबलला आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी तिथल्या संशोधन संस्थेने घालून दिलेलं हे गणित. मोबाइलवरच्या मीटर अ‍ॅपमध्ये बहुधा ‘ए’ मोजमाप असतं आणि त्यात खालचे सूर कमी धरले जातात, त्यामुळे बेसवाल्या गाडीत आकडा दिसतो त्याहून दणका जास्त असतो.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा, नाहीतर विरारमध्येच बघा, पण पेनड्राइव्ह घरून न्या. दुकानातला डेमो ट्रॅक त्या स्पीकरला शोभेल असाच निवडलेला असतो. तुम्ही रोज ऐकता ती चार गाणी टाका: एक तबल्याचं, एक जुनं, एक धांगडधिंग्याचं, आणि एक असं ज्यात बेस जवळपास नाहीच. त्या शेवटच्या गाण्यातही सबवूफर घुमत राहिला, तर तो सेट कपाटात परत ठेवायला सांगा आणि पुढचा लावायला सांगा. आवाज हळू ठेवून ऐका. दुकानदार हात पुढे करून वाढवायला जाईल, त्याला वाढवू देऊ नका.