धानाची ओल मोजतो, हवेची कधी?

भंडारा जिल्ह्यात ओलावा म्हटले की डोळ्यांसमोर येते आधारभूत खरेदी केंद्र. धानात 17 टक्क्यांहून जास्त ओल निघाली की खरेदी अडते आणि काट्यापाशी आवाज चढतात. हवेतल्या ओलीबद्दल मात्र कुणी भांडत नाही. पिकाचे बिघडते ते अनेकदा तिथेच.

रोवणी आटोपते, बांध्यांत पाणी उभे असते, मामा (माजी मालगुजारी) तलाव भरलेले असतात. रात्रभर पाने ओली राहिली की करपा शिरतो. दाट, दमट पिकात तुडतुडे माजतात. फवारणी आज करायची की थांबायचे, हे ठरवताना हवेतली आर्द्रता कळणे म्हणूनच मोलाचे.

पण आर्द्रतेचा टक्क्यांतला आकडा फसवा आहे. 30 अंश सेल्सियसच्या हवेत घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, 20 अंशांवर जेमतेम 17. दुपारी 57 टक्के आर्द्रता दाखवणारी हवा पहाटे 20 अंशांवर आली, की बाष्प तेवढेच राहूनही काटा शंभरावर जातो आणि दव पडते.

स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1783 मध्ये माणसाचा केस ताणून आर्द्रता मोजली होती. ओल लागली की केस लांबतो. आजच्या स्वयंचलित हवामान केंद्रांत सहसा बाष्प शोषणारा पातळ थर असतो. त्याने किती ओल घेतली, हे त्याच्या विद्युत गुणधर्मांतल्या बदलावरून कळते. स्वस्त आणि सोयीची युक्ती; मात्र महिनोन्महिने चिंब हवेत राहिलेला, धूळ बसलेला थर हळूहळू चुकू लागतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा आकडा हवा तेव्हाच, भरवसा कमी.

याहून वेगळा मार्ग लेझरचा; त्यात ओल शोषणारा थरच नसतो. सुमारे 1.4 मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश हवेतून सोडायचा. बाष्पाचे रेणू नेमका तोच गिळतात. पलीकडे प्रकाश किती कमी पोहोचला, त्यावरून बाष्प किती ते कळते, तेही सेकंदाच्या आत. 2012 मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवरही लेझरने वायू तपासणारे यंत्र आहे.

म्हणून प्रत्येक गावात लेझर बसवा, असे कुणी म्हणू नये. उपकरण महाग, त्यातल्या आरशांवर धूळ बसू नये ही काळजी वेगळी. राज्यात 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत हवामान केंद्रे उभी राहिली आहेत, त्यांत आर्द्रतेचीही नोंद होते. गरज आहे ती या नोंदी पारखणाऱ्या एका खात्रीच्या मापाची. साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे, धानाचे जाणकार आहेत. तिथे एक लेझर आर्द्रतामापक ठेवावा, मंडळांतले संवेदक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच्याशी ताडून घ्यावेत आणि कोणता किती चुकतो ते जाहीर करावे. खरेदी केंद्रावरचे माप तपासून मागणाऱ्या शेतकऱ्याने हवेच्या मापाचीही अशी तपासणी मागावी, पुढच्या रोवणीआधी.