फाळाची झीज कोणाच्या हिशेबात?



बियाणे, खत, फवारणी, मजुरी, डिझेल. खर्चाचा हिशेब मांडताना एवढे आपल्याला तोंडपाठ असते. फाळाच्या टोकाचे जे लोखंड झिजून मातीत जाते, ते मात्र कोणी मांडत नाही. वखराची पास, डवऱ्याची पास, रोटाव्हेटरची पाती, सगळ्यांची गत तीच. बोथट फाळ बदलावा लागतो एवढ्यावर भागत नाही. तो जमिनीत शिरत नाही, बैल ओढून दमतात, ट्रॅक्टर जास्त डिझेल पितो आणि नांगरट उथळ राहते.

कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात अवजारांची झीज धरतात, नाही असे नाही. पण ती राज्याच्या सरासरीने. मानोरा-मालेगावकडच्या बरडावरचा फाळ आणि पैनगंगेकाठच्या भारी जमिनीतला फाळ त्या सरासरीत एकच!

लोखंड मातीने का झिजते? नियम साधा आहे. दोन वस्तू घासल्या की मऊ असेल ती झिजते. हा कठीणपणा विकर्सच्या आकड्यात मोजतात. साध्या मऊ पोलादाचा आकडा दीडशेच्या आसपास, पाणी दिलेल्या चांगल्या पोलादाचा पाचशेच्या आसपास. आपली जमीन काळ्या पत्थरापासून झाली आहे आणि त्या पत्थराच्या पोकळ्यांतून निघालेली गारगोटी रानभर पसरलेली असते. तिचा आकडा हजाराच्या वर. चुनखडीचा खडा फाळाला फारसे काही करत नाही, गारगोटी मात्र त्याला कानशीसारखी खाते.

यावर कारखानदारांनी केव्हाच तोड काढली आहे. त्यांच्या ड्रिलवर सोनेरी रंगाचा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो. बोअरची गाडी गावात येते, तिच्या बिटाच्या तोंडाला टंगस्टन कार्बाइडच्या गुंड्या असतात, म्हणून ती आपला काळा पत्थर फोडते. याहून पुढची पायरी हिऱ्याची. मिथेन आणि हायड्रोजन वायू खूप तापवून हत्यारावर खऱ्या हिऱ्याचा पातळ थर चढवता येतो. हिऱ्याचा आकडा आठ ते दहा हजार.

याच रीतीने प्रयोगशाळेत दागिन्यांचे हिरेही पिकवतात. हिऱ्याचेही बियाणे असते बरं का! 2023 च्या अर्थसंकल्पात या बियाण्यावरची 5 टक्के आयात जकात माफ झाली आणि संशोधनासाठी मद्रासच्या आयआयटीला पाच वर्षांसाठी सुमारे 243 कोटी रुपये मंजूर झाले. आम्हाला त्याचे दुःख नाही. तंत्रज्ञान यावे, सगळ्यांना मोकळे मिळावे, हेच आपण म्हणत आलो. पण ‘इंडिया’च्या हत्यारांना हिऱ्याची धार आणि ‘भारता’च्या फाळाला फक्त लाल-निळा रंग, हा न्याय कुठला?

उद्या कोणी हिऱ्याचा मुलामा दिलेला फाळ विकायला आणला, तर मात्र त्याला दारातूनच परत पाठवा. हिऱ्याचा हा थर लोखंडावर नीट धरत नाही, कारण त्या उष्णतेत कार्बन लोखंडात विरघळतो. शिवाय असे मुलामे केसाहूनही पातळ असतात. खाली लोखंड मऊ असेल, तर दगडाचा ठोका बसताच वरचा थर तडकतो. चिखलावर फरशी टाकली, की पाय पडताच ती फुटते, तसेच. सरकारच्या पॅकेजांचे आपण हेच पाहिले आहे. आधार मऊ ठेवायचा आणि वर चकाकी द्यायची.

फाळाला जाड थर लागतो आणि त्याच्याखाली चिवट पोलाद. फाळ आरपार कठीण केला, तर तो धोंड्यावर आपटून तुटेल. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समने 1803 मध्ये ओतीव फाळाची फक्त खालची बाजू कठीण करण्याचे पेटंट घेतले. वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची टिकते आणि धार आपोआप राहते. आज वेल्डिंगच्या दुकानातही हे जमते. क्रोमियम कार्बाइड असलेला खास रॉड मिळतो. त्यातल्या कार्बाइडच्या कणांचा आकडा दीड हजाराच्या घरात, म्हणजे गारगोटीहून वरचढ. थर एकाच बाजूला द्यावा. फाळ फार तापू देऊ नये, नाहीतर त्याला आधी दिलेले पाणी उतरते.

मग अडते कुठे? दुकानात सगळे फाळ एका रंगात टांगलेले असतात. आत काय आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसते. खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे छापावे लागतात, मग फाळावर कठीणपणाचा आकडा का नको?

या बैठकीत आमची सूचना अशी. एक, फाळ, पास आणि पाती यांवर कठीणपणाचा आकडा कोरलेला असावा, तो खोटा निघाला तर विकणाऱ्याने पैसे परत द्यावेत. दोन, आकडा मोजण्याचे यंत्र तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत असते, ते हंगामापूर्वी ठराविक दिवशी शेतकऱ्यांना खुले करावे. तीन, आकडा मिळेपर्यंत खरेदीला जाताना कानस खिशात ठेवा. मऊ लोखंडाचा कीस सहज पडतो. पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते, निदान जोर तरी मागते.

आणि हिशेब नगावर नको, एकरावर करा. समजा एक फाळ 300 रुपयांचा, तो 30 एकर टिकला, तर एकरी 10 रुपये. दुसरा 600 रुपयांचा, तो 100 एकर टिकला, तर एकरी 6 रुपये. महाग दिसणारा फाळ स्वस्त पडला. गावागावांतून असे आकडे लिहून आणा. जमीन बरड की भारी, फाळ कोणता, किती एकर टिकला, एवढे पुरे. मूल्य आयोगापुढे झिजेचा खर्च मागायला जाऊ, तेव्हा आपल्या हातात आपला हिशेब असेल. सरासरी त्यांची असू द्या, झीज आपली आहे.