फोटोत बीड कुठंय?

पुतण्यानं परवा सौताड्याहून फोटो पाठवले. पाठवले कसले, ओतलेच. पुतण्या एकटा, पुतण्या मित्रासोबत, मित्र एकटा, मित्राची नवी मोटारसायकल. "अरे, धबधबा कुठाय?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, मागं हाय की. झूम करा जरा." केलं झूम. त्याचा कान आणि टोपी यांच्या मधून पांढरं काहीतरी डोकावत होतं. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी एवढ्या कड्यावरून उडी घेते, ती काय ह्याचा कान उजळावा म्हणून?

पोरांचं वयच तसं, असं म्हणू नका. बीडकरांनी जिच्यासाठी कित्येक दशकं वाट पाहिली ती रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ला एकदाची सुरू झाली. चांगल्या पन्नाशी-साठीतल्या मंडळींनी मला फोटो धाडले. एकातही गाडी पुरती दिसेना. पुढे ज्याचं त्याचं तोंड, मागे डब्याची एक खिडकी.

बाहेरून येणाऱ्या फोटोवाल्यांची तऱ्हा निराळी. त्यांची नजर चांगली, पण ती एप्रिल-मेतच आमच्याकडे वळते. भेगाळलेली जमीन, तळ गाठलेली विहीर, डोक्यावर हंडे. २०२५च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा बुडालेलं सोयाबीन टिपायला पुन्हा गाड्या आल्या. त्यात खोटं काही नाही, ते छापायलाच हवं. पण निसवलेली ज्वारी, पोळ्याला रंगवलेली शिंगं, आज फिकट पिवळं नि उद्या गुलाबी होणारं कपाशीचं फूल, हे कुणी टिपायचं? बाहेरच्यांना आमची फक्त तहान दिसते आणि आम्हाला आमचंच तोंड.

खजाना विहीर घ्या. निजामशाहीच्या काळात, १५८२च्या सुमारास सलाबतखानानं ती बांधवली, वास्तुकार राजा भास्कर. आत गोल ओवरी, आणि जमिनीखालच्या नहरीतून पाणी आपलं आपण शेताकडे चालतं, मोटार नाही की वीजबिल नाही. गावापासून फार लांब नाही. लोक जातात, पाण्याकडे पाठ करतात, फोटो काढतात, परत येतात.

माझ्या मोबाइलला मात्र अशा मोठ्या गोष्टी लागत नाहीत. सध्या बाजारात सीताफळं आलीत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळाला कुठलं माहीत! कच्चं असताना डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले. पिकायला लागलं की फटी रुंदावतात, आधी पिवळसर, मग किंचित गुलाबी. वर पांढरी भुकटी, बोट लागलं की ठसा उठतो. विकणाऱ्या मावशी फळ दाबून बघत नाहीत, नुसतं फिरवतात आणि आजचं कोणतं, परवाचं कोणतं ते वेगळं काढतात. मी मोबाइल काढल्यावर म्हणाल्या, "फोटूनं प्वाट भरतंय का, दादा? घ्या की दोन किलो." घेतली. फोटोही झकास आला. फक्त वरच्या कोपऱ्यात कुण्या भावी नगरसेवकाचे जोडलेले हात आले.

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. या गावात बॅनर टाळून फोटो काढणाऱ्याला जिल्हा भूषण द्यायला हवं. कडुलिंब टिपायला जावं, तर बुंध्याला 'फिक्स आमदार'. कमान घ्यावी, तर कमानीतून गॉगल लावलेले साहेब. मध्ये उत्सवमूर्ती, वर गोलात नेते, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट रांग. वाढदिवस होऊन जातो, साहेब तिथंच. उन्हानं चेहरा निळा पडतो, मग एका रात्री बॅनर गायब होतो.

जातो कुठं? थोडे कडब्याच्या गंजीवर. बाकीचे ऊसतोडीला निघालेल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये. दसरा-दिवाळी झाली की आमची माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात आणि फडाजवळच्या कोपीवर हेच फ्लेक्स टाकतात. आत पडल्या पडल्या वर पाहिलं की साहेब हात जोडून हजर. मजुरांच्या डोक्यावर छत्र धरू, असं भाषणात म्हणतात ना? शब्द पाळणारे नेते आमच्याच जिल्ह्यात सापडतील. सगळ्या राज्यातल्या फोटोवाल्यांनी हा एक फोटो चुकवला आहे.

हे सगळं कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तावातावानं ऐकवलं. तो शांतपणे ग्लास विसळत म्हणाला, "सर, तुमच्या वाढदिवसाला एक लावू का? कापड जाड घेऊ, औंदा आमच्या मेव्हण्याच्या कोपीला लागतंय."

गॉगल लावून फोटो काढून ठेवा, म्हणालाय.