फायबरची तार आणि आपली गल्ली

सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून तेथेच आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला याच मातीत घर चालवायचे आहे, मुलांना शिकवायचे आहे आणि आता घरात फायबरची तारही घ्यायची आहे. अग्रलेखाला हा विषय काहींना किरकोळ वाटेल. परंतु परीक्षांचे अर्ज, नोकरीच्या जाहिराती, जमिनीचा उतारा सारेच इंटरनेटवर गेले असताना ज्याच्या घरी धड जोडणी नाही तो मागे पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्याच गल्लीचे पाहा. बेळगाव शहराला लागून असलेल्या या वस्तीत मुख्य रस्त्यापर्यंत तार येऊन वर्ष झाले होते. जोडणी हवी म्हणून एका कंपनीकडे पैसे भरले. आठवड्यात येतो म्हणणारा माणूस महिन्याने आला, खांबाकडे मान वर करून पाहिले आणि ‘तुमच्या गल्लीत फिजिबल नाही’ म्हणून निघून गेला. हा फिजिबल शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे. केंद्रातून निघालेला एक फायबर वाटेत स्प्लिटर लावून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटता येतो. गल्लीच्या तोंडाशी खांबावर जी छोटी पेटी दिसते, तिच्यातून आठ किंवा सोळा घरांना तारा निघतात. एकट्या घरासाठी पेटी बसवणे कंत्राटदाराला परवडत नाही. तारेचे, खांबाचे, सांधा जोडणाऱ्या माणसाचे पैसे त्याला सगळ्या घरांतून काढायचे असतात. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, हिशेबाची होती. (बी. कॉम. होऊन जन्म खतावण्यांत घालवलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते!) अकरा घरांच्या सह्यांचा एकच अर्ज दिला, तेव्हा तोच कंत्राटदार चौथ्या दिवशी शिडी घेऊन हजर झाला.

पुढचा भाग सांगताना मात्र मान खाली जाते. वळणावर एक खांब उभा करायचा होता. तेथे दोन सख्ख्या भावांची घरे. दोघेही दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत पुढे असणारे. जागा तुझी की माझी, यावरून त्यांनी खांब तीनदा अडवला. त्यातच कोणी उठवून दिले की या तारेतून किरण निघतात, पोराबाळांना बाधतात. वास्तविक फायबर म्हणजे केसासारखा काचेचा तंतू, त्यातून प्रकाश जातो. त्यात ना वीज, ना मोबाइल टॉवरसारख्या लहरी. पण ऐकतो कोण! कामगार कंटाळून पलीकडच्या गल्लीत गेले. अखेर पंच मंडळींनी देवळात बैठक घेतली, देवळाच्या कुंपणालगत जागा दिली आणि खांब उभा राहिला. दीड महिना गेला. तो ना कर्नाटक सरकारने घालवला, ना कंपनीने.

भाषेची तक्रार मात्र रास्त आहे. दूरसंचार हा केंद्राचा विषय. तरी त्याची जी सर्कल पाडली आहेत, ती बहुतांशी राज्यांच्या हद्दीप्रमाणे. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे, बेळगाव कर्नाटकाच्या. १९५६ साली नकाशावर ओढलेली रेघ अशी तारेतही उतरली. आम्ही मदत केंद्राला फोन केला तेव्हा कन्नड, हिंदी आणि इंग्रजी असे तीन पर्याय ऐकू आले. कन्नडशी आमचे भांडण नाही, बाजारात आम्ही ती रोज बोलतो. पण पैशाचा करार आपल्या भाषेत कळावा, एवढी अपेक्षा जास्त आहे काय?

ती का, ते ऐका. गल्लीतील एका मावशींच्या मोबाइलवर दोनदा ओटीपी आला. जोडणीला आलेल्या पोराने मागितला, मावशींनी सांगितला. पहिला आकडा म्हणजे वर्षभराच्या प्लॅनला संमती होती आणि दुसरा म्हणजे दरमहा खात्यातून पैसे वळते करण्याची परवानगी. पेन्शनमधून रक्कम गेली तेव्हा त्या पासबुक घेऊन बँकेत आल्या. बँकेच्या खिडकीआड बसून अशी पासबुके आम्ही नेहमी पाहतो. खातेदाराला वाटते, बँकेनेच पैसे खाल्ले. ही परवानगी खातेदाराला रद्द करता येते, त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आणखी एक, जाहिरातीतले ४९९ रुपये १८ टक्के जीएसटी धरून ५८९ होतात. तेवढे आधी विचारून घ्यावे.

घटनेच्या ३५०व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. खाजगी कंपनीला हे कलम लागू नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीला डॉकेट क्रमांक देणे कंपनीला बंधनकारक आहे, आणि समाधान न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. तो क्रमांक लिहून न घेता नुसते फोनवर भांडण्यात आपली मंडळी पटाईत! ज्या कंपन्या कोल्हापुरातही तार देतात, त्यांना मराठी येत नाही असे नाही. तोच पर्याय बेळगावच्या ग्राहकालाही द्या, ही मागणी खासदारांकडे आणि ट्रायकडे लेखी गेली पाहिजे, आणि तिच्यासोबत डॉकेट क्रमांकांची यादी जोडलेली असली पाहिजे.

सामूहिक अर्जाचा नमुना मराठी आणि इंग्रजीत संघटनेच्या कार्यालयात ठेवला आहे. संध्याकाळी कार्यालय उघडे असताना न्यावा, झेरॉक्सचे पैसे नाहीत. निदान आठ घरांच्या सह्या घ्याव्यात, आणि खांबाला जागा देणाऱ्याचे नाव सर्वांत वर लिहावे.