टोमॅटोला हुडहुडी

माणसाला थंडी वाजली तर त्याने अंगावर काहीतरी ओढून गप्प निजावे, एवढे ज्ञान मला वयाच्या तिसऱ्या वर्षीच प्राप्त झाले होते. टोमॅटोच्या रोपाला थंडी वाजली, तर मात्र माणसाने अंगावरचे पांघरूण काढून, बॅटरी घेऊन, मध्यरात्री शेतात जावे असे जाणकारांचे मत आहे. या मताशी माझे भांडण आहे.

मास्तरकीतून सुटल्यापासून नारायणगावच्या पलीकडे, मीना नदीच्या अंगाला, वाटणीच्या वीस गुंठ्यांत मी टोमॅटो लावतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात उन्हाळी टोमॅटोची रोपे पौष-माघात तयार करतात. म्हणजे रोप तान्हे असते आणि थंडी म्हातारी. महाशिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात. जाते खरी, पण निघताना दारात उभी राहून तासभर बोलणाऱ्या पाहुणीसारखी जाते. दुपारी तीस अंशांचा घाम आणि पहाटे आठ-नऊ अंशांची कापरे! दहाच्या खाली पारा गेला की टोमॅटोचे रोप वाढणे सोडून देते. पाने जांभळी पडतात. दुकानदार म्हणतो, “स्फुरद कमी पडलंय मास्तर, पिशवी न्या.” वास्तविक स्फुरद मातीत असते; गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. ताटात पुरणपोळी आहे, पण हुडहुडीने घास तोंडापर्यंत जात नाही. त्यावर आणखी दोन पोळ्या वाढून काय होणार?

आता तो सल्ला. दर हिवाळ्यात तो कुठे ना कुठे छापून येतो : ‘पिकास रात्री हलके पाणी द्यावे. बांधावर शेकोट्या पेटवून धूर करावा.’ मी तीस वर्षे मराठी व्याकरण शिकवले. मुलांना विचारायचो, या वाक्यात कर्ता कोण? ‘द्यावे’, ‘करावा’ — पण कोणी? सल्ला देणारा तर रजईत आहे. तेव्हा कर्ता मी. आणि आमच्याकडे रात्री बाराला घराबाहेर पडले की व्याकरण उलटते. कर्ता बिबट्या होतो आणि कर्म आपण.

ही अतिशयोक्ती नव्हे. माणिकडोह, येडगाव, डिंभे अशी धरणे झाली, कालव्यांना पाणी आले, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्या. मादी उसातच विते, पिल्ले उसातच वाढतात. त्यांच्या लेखी ऊस हेच जंगल आणि आपणच त्यातले घुसखोर. पकडलेल्या, जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. उत्तमच आहे. बिबट्याला निवारा, टोमॅटोला शेकोटी आणि शेतकऱ्याला दोन सेलची बॅटरी.

तरी गेल्या माघात मी गेलो. आमच्या फीडरला वीज आळीपाळीने येते, आणि थंडी नेमकी रात्रपाळीच्या आठवड्यात पडते. मोटर चालू केली, मागे वळलो, तर उसाच्या कडेला दोन हिरवट दिवे. पुढे काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. एवढे कळले की मी मोटरीच्या खोलीत आहे, दार आतून लावलेले आहे आणि उजव्या पायातली चप्पल बाहेर आहे. उजाडेपर्यंत स्टार्टरशेजारी बसून विचार करण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

विचार असा झाला. पाण्याचा सल्ला खोटा नाही. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असते आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. पण मग ती ऊन असतानाच ओली का करू नये? दुपारी भिजवलेली माती दिवसाची ऊब पोटात साठवते आणि रात्रभर पुरवून वापरते. त्याला हवी दिवसा वीज. शेतीला दिवसा सौर वीज देण्याची योजना राज्यात २०१७ सालापासून आहे. आमच्या बांधावर सूर्य रोज वेळेवर येतो. योजना तेवढी यायची आहे.

धुराबद्दल मात्र मी मुळीच नमते घेणार नाही. रात्री जमिनीची उष्णता वर आकाशात निघून जाते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती अडवतात, धूर तिला अडवत नाही. ऊब देतो तो जाळ, आणि तीही जाळाजवळच्या चार रोपांना. धुराचा लाभ आमच्या धाकट्या बंधूंच्या दम्याला होतो. जवळच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून असतात. त्याच आकाशात आमच्या वाफ्याची ऊब रोज रात्री फुकट जाते, आणि आम्ही खाली ओला पाचोळा पेटवून खोकत बसतो!

सकाळी घरी आलो तेव्हा हिने एकच प्रश्न विचारला, “रोपं मेली तर रोपवाटिकेतून आणता येतील. तुम्हाला कुठून आणू?” आणि ट्रंक उघडून अकरा जुन्या साड्या काढल्या. बांबूच्या कमानी करून दिवस मावळायच्या आत त्या गादीवाफ्यांवर टाकायच्या, पानांना कापड चिकटू द्यायचे नाही, आणि ऊन चढले की काढायच्या. नाहीतर रोपे उजेडावाचून लांबुडकी होतात. लागवड पंधरा दिवस पुढे ढकलली.

पुण्याचे मेहुणे हळहळले. गच्चीत तीन कुंड्यांतून टोमॅटो पिकवल्यामुळे त्यांना शेतीतले कळते. “दाजी, पंधरा दिवसांनी बाजार हुकला तर? दोन हजार तेवीसच्या जुलैत शंभरीच्या वर गेला होता!”

गेला होता. आणि इतर साली ह्याच टोमॅटोचे क्रेट आमच्या लोकांनी रस्त्यावर ओतले, तेव्हा मेहुण्यांनी फोन केला नव्हता. भाव चुकला तर पुढच्या वर्षी पाहता येते. पुढच्या वर्षी पाहायला आपण असावे लागते, एवढीच अट आहे.

परवा पहाटे वाफ्यांच्या मधल्या वाटेवर ओल्या मातीत पंजाचे ठसे उमटलेले दिसले. चांगले बशीएवढे. मी तिथेच थिजलो. ही पुढे झाली, तिने वाकून एकेक साडी निरखली.

“इरकल शाबूत आहे,” म्हणाली, आणि पदर खोचून साड्या काढायला लागली.