गिटारचा मास्तर शोधताना

दहावीची परीक्षा संपली की मुलांना गिटारचे वेड लागते. वडील कटकट टाळण्यासाठी वाद्य आणून देतात आणि मग प्रश्न उभा राहतो, शिकवणार कोण? साताऱ्यापासून सांगलीपर्यंत हीच कथा आहे. व्यापाराच्या पानावर याची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमच्या मते हा व्यवहाराचाच प्रश्न आहे. एक जण पैसे मोजतो, दुसरा हुन्नर देतो, आणि या व्यवहाराला आपल्याकडे ना माप आहे ना पावती.

सतारीची गोष्ट निराळी. सांगलीला लागूनच मिरज आहे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, फरीदसाहेबांपासून, एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये करायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. म्हणजे तालमीला शाळेची शिस्त लावण्याचे काम उस्तादांनीच शंभर वर्षांपूर्वी केले. शिवाय प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत गांधर्वच्या परीक्षा आहेत. शिष्य कुठवर आला हे घरच्यांना कळते.

गिटारवाल्यांत लंडनच्या ट्रिनिटीचे आठ ग्रेड चालतात. पण प्रमाणपत्र सांगते की हा वाजवू शकतो; शिकवू शकतो की नाही, हे सांगत नाही. आमच्याच घरातील एका मुलाला आम्ही एका क्लासला घातले. तीन महिन्यांची फी आगाऊ, एका खोलीत चौदा पोरे, आणि शेवटी हाती आले एक सिनेमाचे गाणे, तेही बेसूर. दोष मुलाच्या बोटांचा, असे आम्हाला सांगण्यात आले. पुढे एका जाणकाराने वाद्य हातात घेतले आणि बाराव्या पडद्यापाशी तारा किती उंच आहेत ते दाखवले. तिथे मोठ्या माणसाचीही बोटे सोलली असती. तारा खाली घेण्याचे काम तासाभराचे, पण तेवढ्यासाठी पोराने वर्षभर गिटारला हात लावला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, मास्तर पहिल्या दिवशी काय करतो ते पाहा. तो मुलाचे वाद्य स्वतः तपासतो का? ई, ए, डी, जी, बी, ई या सहा तारा मुलालाच मिळवायला लावतो का? लहान मुलासाठी नायलॉनच्या तारांचे किंवा आखूड मापाचे वाद्य सुचवतो का? की आल्या आल्या कॉर्डचा कागद हातात देतो? शनिवारी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मास्तरला आपले लोक नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. रोज लोकांसमोर वाजवणाऱ्याचा ताल पक्का असतो. अडचण फक्त लग्नसराईत बुडणाऱ्या तासांची. ती आधीच बोलून घ्यावी.

आता मोबाइलवर सगळे फुकट मिळते, असेही ऐकतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याचा उपयोग जरूर आहे. पण मानेमागे अंगठा चुकीचा दाबला जातोय हे पडद्यावरच्या माणसाला कुठून दिसणार? आणि साताऱ्याहून दर रविवारी पुण्याला जायचे तर शंभरावर किलोमीटरचा प्रवास, जाऊन-येऊन अख्खा दिवस.

मास्तरांचीही बाजू आहे, ती त्यांनीच आम्हाला ऐकवली. गणिताच्या शिकवणीला हजारो रुपये निमूट मोजणारा बाप गिटारच्या फीत घासाघीस करतो. दिवाळीच्या सुटीचे पैसे कापतो. पोरगा महिनाभर फिरकत नाही आणि फीचा विषय काढला की मास्तर लोभी ठरतो. अशाने चांगला वाजवणारा माणूस मोबाइलच्या दुकानात नोकरी धरतो. मास्तरांनी फी, वार, वेळ, बुडालेल्या तासाचा नियम एका कागदावर लिहून द्यावा, पावती फाडावी. पालकांनी महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे पोचते करावेत. किराणा दुकानदाराला आपण एवढे तरी देतोच.

मिरजेच्या कारागिरांच्या तरुण पिढीलाही आमची एक सूचना आहे. लाकूड आणि सूर दोन्ही तुमच्या हातात आहेत. गिटारची दुरुस्ती, तारा, पडदे आणि सोबत नवशिक्यांची शिकवणी, अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक दोन जिल्ह्यांतून येईल.

आणि पालकहो, फी भरण्याआधी एक संध्याकाळ क्लासच्या मागच्या बाकावर बसा. मास्तरचे वाजवणे ऐकू नका, ते चांगलेच असेल. दोन वर्षे तिथे शिकत असलेल्या पोराला वाजवायला सांगा.